बी घरचं

खामगाव, ८ जानेवारी २०२४

ती. कोकिळाताईंना,
पुष्पांजलीचा सा. न. वि. वि.

तुम्ही दिवाळीत अमडापूरला माहेरी गेलात, तेव्हापासून दोन जावांचं भांडायचं राहिलं. फोनवर ते लगेच सुरू होतं, म्हणून लिहिते. तुम्ही पाठवलेली भासऱ्यांची वही मिळाली. कारखान्यात सगळ्यांनी वाचली. सोयाबीन टोकणीच्या नव्या यंत्राचे अकरा प्रयोग, अकराही फसलेले. त्यातले पाच यांना पुन्हा करावे लागले नाहीत. साहेब म्हणाले, फसलेलं कोणी लिहून ठेवत नाही.

पण बारावं पान फाडलेलं आहे. जादा दाणे पाडणारी लोखंडी पट्टी बियाचं साल फोडते, तिथंच सगळं अडलंय. दहा मार्चला शेतात चाचणी आहे. तेव्हा बी फुटलं तर यंत्राचं काम बंद आणि यांची बदली गोदामात. पान तुमच्याकडे आहे का? आमची छकुली मोठ्या आईची, तुमची, वाट पाहते. यंत्राजवळचा यांचा फोटो सोबत पाठवते.

माया पातळ होऊ देऊ नका.
पुष्पांजली

अमडापूर, १९ जानेवारी

चि. सौ. पुष्पांजली हिस,
अनेक आशीर्वाद.

पान उंदरांनी खाल्लं असेल.

गजेंद्रचा फोटो पाहिला. टोपी शोभते. ती जागा तुझ्या भासऱ्यांची होती, ते जाऊन तीन वर्षं झाली, हे फोटोत दिसत नाही. छकुलीला पापा.

तुझी,
कोकिळा

खामगाव, १५ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

काल पुन्हा बी फुटलं. हे जेवता जेवता खिशातले फुटके दाणे ताटाशेजारी मांडून बसतात. पानाचं मी पुन्हा काढलं, तर माझ्यावरच चिडले. म्हणे, वयनी नाही म्हनते तं नाही, ते काऊन लपवीन? माझी शंका पोटात घाला.

पुष्पांजली

अमडापूर, २४ फेब्रुवारी

चि. सौ. पुष्पांजली हिस,
आशीर्वाद.

पान माझ्याकडेच होतं, पातळाच्या घडीत. चौथीत शाळा सुटलेली मी, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले. ते गेल्यावर वही तीनदा वाचली, कुठंतरी माझं नाव असेल म्हणून. नाही. बाराव्या पानावर तुझं आहे: ‘पुष्पांजली दाराआडून म्हने, पट्टीच्या जागी पिठाचा कुंचा लावा. करून पाहाले पाहिजे.’

भासऱ्यासमोर न येणारी तू दाराआडून एकदा बोललीस, ते त्यांनी टिपून ठेवलं. मी बावीस वर्षं समोर बसून बोलले. जळाले आणि पान फाडलं. गजेंद्र माझ्यावर विश्वास ठेवतो, ते मात्र सोसवत नाही. पान पाठवते. माझ्यावर मग रागाव, पान आधी त्याला दे.

कोकिळा

खामगाव, ४ मार्च

ती. ताईंना सा. न. वि. वि.

राग आला होता. पान वाचून रडले. मला ते बोललेलं आठवतही नव्हतं. यांनी त्याच दिवशी मऊ केसांचा कुंचा बसवला. घरात तुमच्या हातचं डबाभर बी होतं, ते टाकलं. शंभरात दोन फुटले. दुसऱ्या दिवशी दुकानचं टाकलं, तर वीस!

मग वही पुन्हा काढली. अकराही पानांवर वरची ओळ एकच: ‘बी घरचं, निवडलेलं.’ साहेबांनी विचारलं, निवडलं कोणी? यांनी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही दाणा दातात धरून ओल ओळखता, ते आमच्यात कोणालाच जमत नाही. साहेब म्हणतात, बाई शिकवतील का? यंत्रासोबतच्या माहितीत ते छापायचं आहे. चाचणीला याल ना?

तुमची वाट पाहणारी,
पुष्पांजली

अमडापूर, ७ मार्च

चि. सौ. पुष्पांजली हिस,
आशीर्वाद.

नऊला सकाळच्या एसटीनं येते. दाणा दातात कसा धरायचा ते सगळ्यांना दाखवीन, हातचं राखणार नाही. तुझ्यावरची जळण गेली असं लिहिलं तर खोटं होईल. ती ओळ अजून टोचते.

वही काढून ठेव आणि एक चांगलं पेन. ‘बी घरचं’ या प्रत्येक ओळीपुढं मला माझं नाव लिहायचं आहे. अकरा पानं आहेत, माझा हात हळू चालतो, घाई करू नकोस.

बारावं पान चिकटवायला डिंक मी आणते.

तुझी,
कोकिळा