निरोपामागची गिरणी

दादास धाकटीचा नमस्कार,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. फोनवर भांडण झालं असतं, म्हणून पत्र.

माझं काम तुला ठाऊक आहे. यंत्रांच्या दोन-चार सेकंदांच्या खरखरत्या रेकॉर्डिंगमधून त्यांचा सूर शोधायचा. एका तुकड्यावर भरवसा नसतो. खरखर दर वेळी वेगळी असते, त्यामुळे बऱ्याच तुकड्यांची सरासरी काढली की ती सपाट होते आणि सूर वर उठून दिसतो.

परवा घरची फार आठवण आली, म्हणून फोनवर आलेले तुझ्या आवाजातले नऊ निरोप घेऊन बसले. प्रत्येकात तू म्हणतोस, "सगळं छान. ऐक, गिरणी चालू आहे." मागे आपली पिठाची गिरणी घरघरते. सरासरी काढली, तर खरखर जरासुद्धा सपाट झाली नाही. नऊही वेळा तीच, जशीच्या तशी! खरी खरखर अशी वागत नाही, दादा.

घरून निघताना मीच तुझ्या फोनवर गिरणी रेकॉर्ड केली होती. तीच मागे लावत होतास ना? माझ्याच आठवणीनं मला गंडवलंस.

गिरणी कधी बंद केलीत? बाबा दिवसभर कुठे बसतात?

मला कळलंय हे आईला सांगू नकोस. पण पुढच्या निरोपात मागे काही लावू नकोस. घर आता जेवढं गप्प आहे, तेवढं मला ऐकू दे.

तुझी, अजून तरी,
धाकटी