झोपाळ्याच्या जुन्या, करकरणाऱ्या कड्या परत मिळण्याबाबत

दि. २४ जून २०२५

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
महानगरपालिका, कोल्हापूर.

विषय : बालउद्यानातील झोपाळ्याची नवी बेअरिंग काढून जुन्या कड्या बसवण्याबाबत.
संदर्भ : बेअरिंग बसवण्याबाबतचा माझाच दि. २ जूनचा अर्ज.

महोदय,

दि. १७ जून रोजी सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी राजारामपुरीतील आमच्या बालउद्यानाच्या झोपाळ्याला दोन नवी बेअरिंग बसवण्यात आली. माझ्या अर्जावर आपण तत्परतेने कार्यवाही केलीत, याबद्दल आभारी आहे. तीच कार्यवाही रद्द करावी, अशी विनंती आता करीत आहे.

माझी नात रोहिणी सहा वर्षांची आहे. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, फ्रॉकची शिवणसुद्धा तिला सोसत नाही. थेरपिस्ट मॅडमच्या सल्ल्याने ती रोज संध्याकाळी या झोपाळ्यावर बसे. त्याने तिचे अंग शांत होई. मग ती जेवे, झोपे. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक, कारखान्यातील निवृत्त फोरमन. आवाज म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे झीज, एवढेच शिकलो. करकर थांबली तर मुलीला बरे वाटेल, असे समजून अर्ज केला.

नव्या झोपाळ्यावर ती एकदाच बसली. आवाज येईना, तशी साखळी आवळून किंचाळली, "आज्जा, झोका मेला!" तेव्हापासून ती स्वतःचे मनगट चावते. पुढचा हेलकावा कधी येणार, हे तिला त्या करकरीवरून कळत होते, असे मॅडम म्हणतात.

मोबाइलवर तसा आवाज ऐकवला. तिने मोबाइल फेकला. घरच्या दाराच्या बिजागरीचे तेल पुसले. दार करकरले, पण दारावर झोका घेता येत नाही. परवा बेअरिंगमधील ग्रीस रॉकेलने धुताना रखवालदार केरबा यांनी मला पकडले. "आवं फोरमनसायेब, ह्या वयात झोका चोराय लागलाय व्हय?" असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. कारण सांगितल्यावर मात्र त्यांनीच भांडारातील जुन्या कड्या दाखवल्या. त्या शुक्रवारी भंगारात जाणार आहेत.

कड्यांची झीज मी कॅलिपरने मोजली आहे. मुलांच्या वजनाने त्या तुटण्याचा धोका नाही. आपल्या अभियंत्यांनीही खात्री करून घ्यावी. कड्या बसवल्यावर 'येथे तेल घालू नये' अशी पाटीही लावावी. नाहीतर माझ्यासारखा एखादा जाणकार पुन्हा अर्ज करील.

शुक्रवारपूर्वी निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपल्या तत्परतेवर विसंबलेला,
जयपाल आण्णासो चौगुले

सोबत : कड्यांच्या झिजेचे मोजमाप, मॅडमचे पत्र.

ता. क. : आज सायंकाळी रोहिणीने झोपाळा हाताने हलवला, साखळीला कान लावला आणि मागे फिरली.
झोपाळ्यावर बसलेला वेळ : शून्य मिनिटे.