रालित्साचा फ्लू

९ फेब्रुवारी
रालित्सा शाळेतून आली ती तापानं फणफणत. डोळे लाल, ओठांभोवती पुरळ. नेहमीप्रमाणे छातीला, पाठीला राकिया, आमची घरची द्राक्षाची दारू, चोळली, वर लोकरी बनियन.
"आजी, गुत्त्यासारखा वास येतोय मला."
येऊ दे.

११ फेब्रुवारी
ताप उतरला. राकियाचा वास आहेच — माझ्याच हाताचा असेल.

१२ फेब्रुवारी
नाही. दोन दिवस मी चोळलेलीच नाही.
दप्तर उघडलं. लायटरमध्ये भरायच्या गॅसचे दोन डबे, एक रिकामा. सरबताच्या बाटलीत राकिया — आमच्याच तळघरातली. पोरं गॅस हुंगतात हे ऐकून होते. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि घरातलं कळलं नाही.
"कोणाबरोबर?"
"कोणी नाही."
"रालित्सा."
"गेर्गाना. गंमत म्हणून गं. तू नाही का जेवणाआधी घेत?"
थोबाडीत दिली.

१३ फेब्रुवारी
तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गावातल्या नकोत. म्हणाल्या, गॅस आणि वर दारू — हृदय कधीही बंद पडतं, पहिल्या वेळीसुद्धा. "दुसरी मुलगी कोण? तिच्या घरी कळवा. आजच."
हो म्हणाले.

१४ फेब्रुवारी
संत त्रिफोनचा दिवस. गावानं मळ्यात द्राक्षाच्या वेली छाटल्या, मुळांशी वाइन ओतली, मग सगळे प्यायला बसले. गेर्गानाची आई तोन्का समोरच होती, माझी जुनी विद्यार्थिनी.
"बाई, रालित्सा कुठंय?"
"फ्लू झालाय."
"सगळीकडे आहे. आमचीही मलूलच असते हल्ली."
तेव्हाच सांगायचं. भोवती माणसं होती. उद्या.

१५ फेब्रुवारी
रालित्सा न्हाणीघरात जरा रेंगाळली की दार ठोठावते.
"आहे जिवंत, आजी."
असं बोलू नये.

१६ फेब्रुवारी
तोन्काच्या फाटकापर्यंत गेले. आत मायलेकी हसत होत्या. परत आले.
माझ्या लेकीला, रालित्साच्या आईला, इटलीत कळलं तर ती काम सोडून धावत येईल, म्हणून गप्प आहे — असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे. गावात अजून मला पाहून लोक उठून उभे राहतात. ते जाईल म्हणून गप्प आहे.

१८ फेब्रुवारी
गेर्गाना गेली. शाळेच्या मागे, मधल्या सुट्टीत हृदय बंद पडलं.
तोन्काकडे जाऊन आले. तिनंच माझे हात धरले. म्हणाली, "बाई, रालित्साला इतक्यात सांगू नका हं. पोर नुकती फ्लूतून उठलीय."