काट्यावरचा खंडोबा

१२ ऑक्टोबर १९५५
आज पिकअपचं इंजिन ऑइल स्वतः बदललं. मारुतदादा म्हणत होता, कासारवाडीला आबाजी मिस्त्रीकडं न्हे. मी म्हटलं, मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेला धाकटा भाऊ घरात असताना मिस्त्री कशाला? खळ्यावरच काम उरकलं. शेजारी दादा बाजरी उपणत होता. वारा झकास, त्यामुळे उकडलं नाही. ओतण्याआधी तेलाचा डबा बराच वेळ उघडा ठेवला. तेल सेटल होऊ द्यावं, असं माझं मत आहे.
संकल्प: यापुढे गाडीचा सगळा मेन्टेनन्स माझ्याकडे.

१७ ऑक्टोबर
इंद्रायणीच्या पुलापुढच्या चढावर ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. तेल इंजिनात नीट फिरतंय की नाही, हे तो काटा सांगतो. उतरून तेल मोजलं. तेल पुरेपूर. म्हणजे तेल आहे, प्रेशर नाही. निदान: काटा खोटा बोलतो. लष्कराच्या लिलावातली गाडी, लढाई बघून आलेला काटा घाबरटच असणार. काचेवर दोन टिचक्या मारल्या. थोडा वर आला. समाधान.

२० ऑक्टोबर
आता इंजिनातून टकटकही येते. दुसरं निदान: तेल पातळ झालं. जाड तेल ओतलं. फरक नाही. तिसरं निदान: तेलाचा पंप. पण पंप बघायचा तर इंजिनाखालचं तेलाचं पॅन उतरवावं लागणार, आणि पॅन उतरवलं की दादा विचारणार. म्हणून पंप ठीक आहे, असं ठरवलं.
जेवताना आई म्हणाली, शकूला दसऱ्याला दिघीहून आणायचं, पहिलं बाळंतपण हाय, आठवा लागला. तिकडच्या सुईणीनं बजावलंय, बैलगाडीचे हादरे अजिबात नकोत. दादा म्हणाला, आपली गाडी हाय की, फुलासारखी आणतो माझ्या बहिणीला.
मी हातातला तुकडा परत ताटात ठेवला. आईला वाटलं भाकर कोरडी झाली. तिनं कालवण वाढलं. ते खाल्लं.
दादाला सांगायला हवं. पण सांगितलं तर तो म्हणेल, मिस्त्रीकडं न्हे म्हटलं होतं. खरं तर तो तसं म्हणणार नाही. हीच अडचण आहे.

खंडेनवमी, दुपार
मन खाऊ लागलं म्हणून गुपचूप गाडी कासारवाडीला नेली. आबाजी मिस्त्रीचे सगळे पाने-हातोडे देवापुढे मांडलेले, वर झेंडू. म्हणाले, आज हत्याराला हात लावत न्हाई, दसरा झाल्यावर ये. मी फार आग्रह केला नाही. धर्माच्या आड कशाला यायचं?

खंडेनवमी, संध्याकाळ
घरी गाडीची पूजा. हळदकुंकू, हार, नारळ. काटा दादाच्या नजरेला पडला तर त्याच्या जिवाला उगाच घोर, म्हणून जेजुरीहून आणलेलं खंडोबाचं चित्र डिंकानं बरोबर काट्यावर चिकटवलं. दादा गहिवरला. म्हणाला, बाळाजी, तुला बरं सुचलं रं. मी प्रसादाचं खोबरं वाटायला लागलो.

दसरा
सकाळी सगळं सांगायचं पक्कं केलं होतं. पण दादा नवा फेटा बांधून आला. फेट्यातल्या माणसाला वाईट बातमी कशी सांगणार?
जाताना टकटक वाढली. दादा म्हणाला, येळकोट म्हण, देव हाय गाडीत. मी म्हटलं. येताना शकू आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मोशी मागं पडली, पूल ओलांडला, आणि चढावर इंजिन एकदा कण्हलं आणि पार गप्प झालं. शकूनं विचारलं, काय झालं रं बाळ्या? मी म्हणालो, ओव्हरहीट. खाली उतरून बॉनेट उघडलं. बॉनेट उघडल्यावर माणसाला काहीतरी करावं लागतं, म्हणून पंख्याचा पट्टा दाबून पाहिला.
शेवटी कुरुळीच्या गेनबाची बैलगाडी. खाली कडबा, वर गोधडी. दादा बैलांपुढं चालत रस्त्यातले दगड उचलून कडेला टाकत होता, थेट चाकणला घरापर्यंत. मीही चार उचलले. शकू ओठ दाबून, पोटावर हात धरून बसली होती. एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
सुखरूप पोचली. आईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. मग माझ्यावरूनही ओवाळला. सोनं देताना दादाच्या पाया पडलो, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

२९ ऑक्टोबर
गाडी ओढून कासारवाडीला नेली आहे, दादा सकाळपासून तिथंच. आज कबुली द्यायचीच. दादाची भाकरी घेऊन सायकलवर निघालो. वाटेत वाक्यं पाठ केली. सुरुवात इंग्रजीतून करणार होतो, वजन पडतं.
गॅरेजच्या मागच्या बाजूनं आलो. पॅन उतरवलेलं. तेल ओढणाऱ्या जाळीवर बाजरीच्या भुसकटाचा बोटभर थर. आबाजी मिस्त्री म्हणत होते, जाळीच बुजली तर तेल वर चढंल कसं, कुण्या शहाण्यानं खळ्यावर तेल बदललं? दादा हळूच म्हणाला, वारं माझ्याकडनं त्याच्याकडं होतं, चूक माझीच हाय. बाळाजीला सांगू नका, लई मनाला लावून घेतंय पोरगं.
मी खोकलो. दादा लगेच मोठ्यानं म्हणाला, जुनं इंजिन हाय, बेअरिंगं झिजली.
मी म्हणालो, मला वाटलंच होतं.
असं मी का म्हणालो, कळत नाही. परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. बसायची लाज वाटली.

४ नोव्हेंबर
जाळी रॉकेलनं धुतली, बेअरिंगं नवी, तेल नवं. आणायला दोघं गेलो. दादानं किल्ली माझ्या हातात दिली. खंडोबा काट्यावरून निघून वर काचेपाशी बसलेला. दादा म्हणाला, देवाला रस्ता दिसाया पायजे. काटा आता उघडा होता.
आज सांगणारच होतो. भोसरीला सांगू म्हटलं. मग पूल ओलांडल्यावर. मग चढ संपल्यावर. चढावरही काटा वरच, जागचा हलला नाही. मला त्याच्याकडे बघवेना.
चाकण जवळ आलं तेव्हा दादा बाहेर शेतांकडे बघत म्हणाला, तेलाचा डबा झाकून ठेवत जा.
मी व्हय म्हणालो.