कॅनडाचं घड्याळ आणि माझा सत्कार

१६ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि मी मोठं होण्याच्या बेतात आहे.
हेदर मॅडमचा मेल आला. मॅडम टोरांटोत बसून आमची टीम चालवतात. दाताच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं ॲप आहे आमचं. मी अमरावतीत, राजापेठेतल्या घरून. नुनो लिस्बनहून, फियोना मेलबर्नहून. मॅडमना आता एक कोऑर्डिनेटर हवाय, जो सगळ्यांच्या वेळा जुळवील. इच्छुकांनी ९ मार्चला, टोरांटोच्या सकाळी नऊ वाजता, पंधरा मिनिटं बोलायचं. विषय : निरनिराळ्या टाइम झोनमधल्या माणसांबरोबर काम कसं करावं.
फियोनाला ही भानगड नको आहे. नुनोला हवी आहे, पण तो बोलतोच किती! नुसता लोकांना प्रश्न विचारत असतो. म्हणजे मीच.
देवश्रीला सांगितलं. बायको म्हणून तिला पहिला मान. म्हणाली, आधी घरात वेळेवर जेवाले बसत जा, मंग जगाच्या वेळा जुळवा.
दूरदृष्टी नाही.

१७ फेब्रुवारी
तीन भिंतीवरची घड्याळं आणली. खाली पट्ट्या चिकटवून स्केचपेनने लिहिलं : कॅनडा, पोर्तुगाल, ऑस्ट्रेलिया. टीव्हीच्या वर ओळीने लावली. हॉल एकदम एअरपोर्टसारखा दिसतो. देवश्रीला घड्याळाच्या दुकानासारखा वाटतो.
फोनमधलं कॅलेंडर बघणं आजपासून बंद. ॲपवर विसंबणारा माणूस आळशी होतो. आम्ही स्वतः ॲप बनवतो, मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी
संकल्प : टीममध्ये जिव्हाळा. सकाळी सहाला ग्रुपवर गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि सुविचार टाकला. मॅडमनी फार अदबीने विचारलं, तुझं अकाउंट कोणी हॅक तर केलं नाही ना?
रात्री जेवण झाल्यावर फियोनाला फोन करून विचारलं, जेवलीस का. तिच्याकडे रात्रीचे अडीच. आधी म्हणाली, कोण बोलतंय? मग म्हणाली, हो. मग बराच वेळ मागे एक बाळ रडत होतं.
जिव्हाळा वाढतो आहे.

२५ फेब्रुवारी
क्रांतिकारी कल्पना! सगळ्या घोळाचं मूळ घड्याळ आहे. सासऱ्यांच्या बाळापूरच्या शेतात कोण घड्याळ बघतं? ‘उन्हं उतरल्यावर या’ म्हटलं की झाडून सगळे येतात. ग्रुपवर इंग्रजीत कळवून टाकलं : उद्याची मीटिंग उन्हं उतरल्यावर.
नुनोने विचारलं, त्यापेक्षा प्रत्येकाला कोणती वेळ सोयीची आहे ते विचारूया का? मी म्हटलं, विचारत बसलो तर काम कधी करणार?

२६ फेब्रुवारी
साडेपाचला बसलो. कोणी नाही. फियोनाची उन्हं केव्हाच उतरून ती झोपायला निघालेली. नुनोची डोक्यावर. मॅडमनी लिहिलं की टोरांटोत आठवडाभर ऊनच पडलेलं नाही, तर त्यांनी नेमकी कशाची वाट बघायची?
या लोकांना कोऑर्डिनेटरची फार म्हणजे फारच गरज आहे.

१ मार्च
अकोल्याला सासरी. सासरेबुवा भगवंतराव यांचं कृषी केंद्र आहे, त्यामुळे अर्धं अकोला ओळखीचं. त्यांना म्हटलं, कोऑर्डिनेटरचं जवळपास झालंच. ‘जवळपास’ हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. म्हणाले, जावईबापू, आमच्या घराण्यात फॉरेनच्या लोकायले कामाले लावणारा अजून कोणीच नाई झाला. सत्कार करूनच टाकू.
हॉल नऊ तारखेलाच रिकामा आहे. संध्याकाळी सहाला. सुंदर! सात वाजता सत्कार उरकला की साडेसातला तिथूनच मॅडमसमोर बोलतो. आधी सत्कार, मग निवड. क्रम उलटा, पण दिवस तोच.
देवश्री म्हणाली, बाबा, आधी होऊ तं द्या. आम्ही दोघं सासरे-जावई खो खो हसलो.

५ मार्च
फ्लेक्स लागला! अकोल्याहून फोटो आला. मी, गॉगलमध्ये, लग्नाच्या सूटवर. मागे विमान, पृथ्वीचा गोल आणि कुठलीतरी मशाल धरलेली बाई. मॅडम कॅनडाच्या आहेत, पण एवढं चालतं. ‘आंतरराष्ट्रीय कोऑर्डिनेटरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.’
अकोल्यात माझा एकही मित्र नाही. तरी भरून आलं.

७ मार्च, शनिवार
नुनोचा मेसेज : उद्या टोरांटोची घड्याळं उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे जाणार, सोमवारची वेळ तपासून घे.
पोट धरून हसलो. अख्ख्या देशाची घड्याळं एका रात्रीत पुढे! कोण फिरतो घरोघर काटे सरकवत? बिचारा घाबरला आहे, दुसरं काय. मी मोठ्या मनाने लिहिलं, आमच्या अमरावतीत असं काही चालत नाही.
देवश्रीने उगाच माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. म्हणाली, याच्यात तं सोमवारी साडेसहा दाखवून राहिलं, तुमी साडेसात काहून म्हणता? तिला हाताला धरून टीव्हीसमोर नेलं. कॅनडाचं घड्याळ दाखवलं. तिथे सकाळचे नऊ म्हणजे इथे साडेसात. ती म्हणाली, ते घड्याळ तं तुमीच लावलं ना? म्हटलं, म्हणूनच बरोबर आहे.

९ मार्च, दुपार
अकोला. फेटा बांधून तयार. सत्काराच्या भाषणाचा विषय मीच निवडला : वेळेचं नियोजन.

९ मार्च, संध्याकाळी ७.१०
काय सोहळा! शाल, श्रीफळ, टाळ्या. मी वेळेचं महत्त्व सांगायला उभा राहिलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला. हेदर. पुन्हा हेदर. नुनो. पुन्हा नुनो. अभिनंदनाची किती ती घाई! फोन वर धरून माइकवरूनच सांगितलं, बघा, कॅनडाहून फोन येऊन राहिले! हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. सासरेबुवांनी उपरण्याने डोळे पुसले. मग फोन बंद करून टाकला. भाषणात व्यत्यय नको.

७.४०
फेट्यासकट लॉग इन केलं. कोणीच नाही. स्क्रीनवर एकटा मी आणि माझी शाल. परदेशी लोकांच्या वक्तशीरपणाचं फार ऐकलं होतं. बघितला आज.

८.१५
मेल उघडला. त्यांनी साडेसहाला वाट पाहिली. नुनोने अजून दहा मिनिटं थांबूया म्हणून सांगितलं, म्हणून तेवढं थांबले. मग तो बोलला. त्याची निवड झाली.
घड्याळं खरंच पुढे गेली होती. सगळ्या देशाची. एका रात्रीत.
देवश्रीने मेल वाचला आणि माझा फेटा उतरवून ठेवला. ती टोमणा मारत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे. बाहेर सासरेबुवा स्वतःच्या हाताने लोकांना जिलबी वाढत आहेत. मला अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

१० मार्च
सासरेबुवांना सांगितलं. म्हणाले, नाई झालं तं नाई झालं, जावईबापू, जेवून घ्या. पण तो फ्लेक्स काढाले मी नाई जात. तुमीच जा.
शिडीवर चढून स्वतःला खाली उतरवलं. चौकातल्या चहावाल्याने विचारलं, काहो, कार्यकाळ संपला का?

१३ मार्च
अमरावती. सासरेबुवांचा फोन होता. आभाळ आलं म्हणून बाळापूरला हरभऱ्याच्या गंजीवर फ्लेक्स टाकला म्हणाले. मजबूत आहे. चेहरा वरच्या बाजूने.
कॅनडाचं घड्याळ देवश्रीने स्वयंपाकघरात नेलं. तिथलं बंद पडलं होतं. आता त्यात अमरावतीची वेळ आहे.
नुनोने टीमचा नियम कळवला. मीटिंगची अडचणीची वेळ प्रत्येकाने पाळीपाळीने सोसायची, पहिली पाळी त्याची स्वतःची, लिस्बनच्या रात्री दीडची. मग मला वेगळा मेसेज : मंगळवारी सकाळी सात तुला चालेल का? आणि हो, जेवलास का?
मी फियोनालाही हेच विचारलं होतं, पण तेव्हा तिच्याकडे किती वाजले आहेत हे आधी विचारलं नव्हतं. त्याने मात्र दोन्ही विचारलं.
लिहिलं, उन्हं उतरल्यावर बघू. मग खोडलं. ‘हो, सात चालेल,’ असं लिहिलं.
गजर देवश्रीने लावून दिला. फोनवर.