सहा नावांपुढची सही

शनिवार, ४ ऑक्टोबर

काहीतरी शिजतंय! चर्चमधला माझा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की सहाही पोरं गायनाच्या खोलीत जातात आणि आतून कडी लावतात. आज वह्या द्यायच्या निमित्ताने दार वाजवलं. आतलं हसणं एकदम बंद. चिमणीने दार चार बोटं उघडलं. "काय गं ताई?" — चेहरा असा, जसं काही दूधपितं बाळच! सख्ख्या मावशीची मुलगी; पाळण्यातली असल्यापासून ओळखते तिला. हा चेहरा खोटा.

आणखी दोन आठवड्यांनी त्यांचं दृढीकरण — तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा आता स्वतःच्या तोंडाने पक्का करायचा. सगळ्या मंडळीसमोर "होय, माझा विश्वास आहे" म्हणायचं, मग पहिलं प्रभुभोजन, वेदीपुढची भाकर आणि द्राक्षारस. पाळकसाहेबांनी यादी माझ्याकडे दिली आहे — प्रत्येक नावापुढे 'तयार' किंवा 'तयार नाही' लिहून खाली सही. "तू त्यांच्याच वयाची, तुला कळेल." एकोणीस आणि पंधरा एक वय झालं? आणि मी चुकले तर? खोट्या होकाराचं पाप कुणाच्या माथी?

रविवार, ५ ऑक्टोबर

उपासनेत सगळं लक्ष त्यांच्यावर. प्रार्थना चालू असताना प्रोफेसरचे डोळे टक्क उघडे. (जाड चष्म्याची मुलगी. कशालाही "कशावरून?" विचारते, म्हणून प्रोफेसर.) माझेही उघडे होते, म्हणून तर दिसलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

वह्या तपासल्या. पहिलाच प्रश्न — देव कोण आहे? चिमणीचं उत्तर: "नक्की माहीत नाही. पण एकटी रडत असले की कुणीतरी ऐकतंय असं वाटतं." लाल शाईने काट मारली आणि खाली प्रश्नोत्तरीतलं छापील उत्तर लिहिलं. सहापैकी पाच वह्यांत हीच गत! मला हे सहाव्या वर्षी पाठ होतं. दहा वर्षांची होईपर्यंत आईने घरीच शिकवलं — स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधी पाढे, मग प्रश्नोत्तरी. एक शब्द चुकला की दोन्ही पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मावशीचा फोन. चिमणीचा दृढीकरणाचा पांढरा झगा शिवून झाला. "तू शिकवतेयस म्हटल्यावर मला कसला घोर नाही बाई." मला आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दाराला कान लावला. लिहितानाही लाज वाटते.

चिमणी पाळकसाहेबांचा घोगरा आवाज काढत होती. "बाळ, विश्वास आहे का?"

"आहे."

"कुणी सांगितलं म्हणून, की तुझा तुला?"

"पप्पांनी सांगितलं म्हणून."

"मग बस खाली! पुढचा!"

पवित्र गोष्टीची थट्टा! आत शिरून एकेकाचा कान उपटणार होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ताईला उभं करू या का एकदा असं?"

"ताईला?" हा प्रोफेसरचा आवाज. "बटण दाबलं की सगळी उत्तरं धडाधड! मध्ये श्वाससुद्धा घेणार नाही."

हशा. त्यात चिमणीचं हसणं नव्हतं. ती म्हणाली, "ए, तसं नको बोलूस. तिला कधी कुणी विचारलंच नसेल."

पाय न वाजवता घरी आले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

देव कोण आहे? स्वतःच्या शब्दांत लिहायचं ठरवलं. तासभर बसले. कागदावर आईचं वाक्य, आईच्या चालीत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

भांडी पुसताना आईला विचारलं — माझ्या दृढीकरणाआधी मला विचारलं होतंस का, तुला हे हवंय का म्हणून?

"विचारायचंय काय त्यात? तुला सगळं तोंडपाठ होतं." आणि पुढचं ताट माझ्या हातात.

शनिवार, १८ ऑक्टोबर

चिमणीला एकटीला गाठलं. आधी कबूल केलं, दाराआडून ऐकलं म्हणून. "ठाऊक आहे," म्हणाली, "दाराखालून चपला दिसत होत्या तुझ्या." मग सरळ विचारलं — उद्या काय म्हणणार?

"चौघं होय म्हणतील. त्यांचं ठरलंय. मी आणि प्रोफेसर आत्ता नाही. खोटं बोलून प्रभुभोजन कसं घ्यायचं गं? आईला आज सांगायचंय. येशील?"

गेले. मावशी आधी हसली, मग रडली, मग माझ्यावर उलटली. "हे शिकवलंस होय तू?"

मी हो म्हटलं. खरं तर उलटं आहे.

संध्याकाळी यादी दिली. सहाही नावांपुढे 'तयार'. दोघींच्या नावांपुढे पाळकसाहेबांचं बोट थांबलं. "या तर नाही म्हणताहेत ना?" म्हटलं, म्हणूनच. त्यांनी यादी मात्र परत दिली नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

चौघं पुढे गेले. चिमणी मावशीशेजारी, ताठ बसलेली. मग प्रभुभोजनाला सगळ्या मंडळीला बोलावलं. आमची ओळ उठली. आई कुजबुजली, "ऊठ की! लोक बघताहेत."

मी बसून राहिले.