फ्रीझरमधल्या माणसाचं सुतक

आटगाव, मंगळवार

चि. शीतल हिस राघोमामाचे आशीर्वाद. तुझ्या आईची कंबर आणि मुरबाडच्या तुमच्या प्रयोगशाळेतला फ्रीझर, दोघंही एव्हाना उठून कामाला लागले असतील अशी आशा करतो. इकडे मामी खुशाल. माझ्या पायाच्या बोटाची जखम तू पाहून गेलीस तशीच आहे. शुगरवाल्याची जखम कुणाचं ऐकत नाही. (फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलताना मामी शेजारी येऊन बसते.)

तुझ्या नळ्या सुखरूप आहेत, हे आधी सांगतो. तुमचा फ्रीझर बंद पडला म्हणून तू तो नळ्यांचा डबा आमच्या कुल्फीच्या फ्रीझरमध्ये ठेवून गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वैष्णवीने (बारावी सायन्स, म्हणजे आमच्या आळीची शास्त्रज्ञ) त्याच्यावरचं लेबल मोठ्याने वाचलं. त्यात 'ह्युमन' असा शब्द निघाला. झालं! मामीने सगळी कुल्फी बाहेर काढून पोरांना वाटली, देवापुढचा दिवा बंद केला आणि "माणसाचं कायतरी घरात हाय, तवर सुतक पालायचं," म्हणून मला दाढीसुद्धा करू दिली नाही. पलीकडची जनी पिठलं-भाकरी घेऊन आली. समोरच्या घरातला कोंडू टोपी काढून ओटीवर बसला. गेलेल्याचं नाव काय, असं त्याने हळूच विचारलं, तेव्हा वैष्णवीने पुन्हा वाचलं: सीएक्ससीएल बारा. कोंडू म्हणाला, "नावातच बारा हाय, म्हंजे बारावं घालावंच लागंल." हसू नकोस. माणसं मनापासून आली होती. कोण गेलं ते ठाऊक नसताना दुःख वाटून घ्यायला बसली होती. मला तर भरून आलं.

शेवटी तू सांगितलं होतंस ते मी सगळ्यांना सांगितलं. हे कुणाच्या अंगातून काढलेलं नाही. माणसाच्या शरीरात हे प्रथिन बनतं, त्याची कृती जंतूंना दिली आणि त्यांनी ते तयार केलं. जखम झाली की हे पेशींना आवतण देतं, लगीनघरच्यांनी दारोदार फिरून द्यावं तसं. शुगरवाल्याच्या जखमेत ते आवतण नीट पोचत नाही; ते का, हे तू शोधतेस. "जंतूंनी केलंय व्हय? मंग जंतूचं सुतक कोन पालतंय!" असं म्हणून जनी आपलं भांडं घेऊन घरी गेली. मामीने डोक्यावरून पाणी घेऊन दिवा लावला.

पण वैष्णवीने लेबलाची तळाची ओळही वाचली: केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. "माणसाचंच, आनि माणसालाच नाय?" कोंडूने विचारलं. मी स्टुलावर पाय टाकून बसलो होतो. एक थेंब जखमेवर टाकावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! पण डबा तसाच परत ठेवला. तुझं काम आहे ते.

तुझा,
राघोमामा

ता.क. याचं औषध व्हायला बरीच वर्षं लागतील म्हणालीस. मी थांबलो असतो गो, बोट थांबत नाही. सोमवारी दवाखान्यात ते काढणार आहेत. मामीला मी 'नख काढायचंय' एवढंच सांगितलंय. तिच्या तोंडाकडे बघून पुढचं बोलवत नाही. तू ये आणि तूच सांग.

दुसरा ता.क. पाकीट शोधायला गेलो तर दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली दिसली. माझ्या लुंग्यांखाली मामीने स्वतःच्याही दोन साड्या घातल्यात. म्हणजे सांगायचं काही उरलेलं नाही. तरी ये.